मुराळी

नाशिकरोडला ‘जेल रोड’ हा पत्ता लोक फार सहज सांगतात. लग्नपत्रिकेवर तो छापतात, क्लासच्या पाटीवर लावतात, नव्या फ्लॅटच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत देतात. शाळा, दवाखाने, भाजीवाले, सगळं या रस्त्यावर आहे आणि रस्त्याला नाव देणारी उंच भिंतही इथलीच आहे. भिंतीची सवय झाली की ती दिसेनाशी होते. पण त्या भिंतीआडून एखादा माणूस हातात पिशवी घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याला मात्र हा पत्ता कुणाला सांगता येत नाही. गेली सहा-आठ-दहा वर्षं त्याचा खरा पत्ता तोच होता.

या माणसासाठी आपल्या भाषेत धड शब्दही नाही. सरकारी कागदात तो ‘मुक्त बंदी’ असतो आणि गावात ‘आत जाऊन आलेला’. बाकी सगळं काम ‘सुटला’ या एका क्रियापदावर भागतं. गाडी सुटते, ऑफिस सुटतं, गणित सुटतं, दाव्याचं जनावर सुटतं. साक्षीपुरावे तपासून न्यायालयाने निर्दोष ठरवलेल्या माणसालाही आपण ‘सुटला’च म्हणतो आणि म्हणताना त्यात ‘निसटला’ हा अर्थ हळूच मिसळतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीत देशभरातल्या तुरुंगांमध्ये ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती. त्यांतली दर चारांमागे तीन न्यायाधीन बंदी होती, म्हणजे त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा होता. तुरुंगाच्या भाषेत हे कच्चे कैदी. तेव्हा तुरुंगातून आला म्हणजे गुन्हेगारच, हा हिशेब मुळातच चुकतो. पण मला कच्च्या कैद्यांच्या आड लपायचं नाही. खरी अवघड गाठ आहे ती पक्क्या कैद्याशी. त्याने गुन्हा केला, शिक्षा भोगली आणि आता तो परत आला आहे. त्याचं आपण काय करतो?

याच नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढलं. त्याच सुमारास जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही मंडळी इथे होती आणि काँग्रेसमधल्या समाजवादी पक्षाची कल्पना इथल्याच चर्चांमध्ये आकाराला आली. ही माणसं सुटत तेव्हा त्यांना हार घालायला लोक जमत. आणीबाणीत नाशिकरोडला डांबलेल्या मिसाबंदींचंही तसंच झालं; पुढे २०१८ साली राज्य सरकारने आणीबाणीतल्या बंदींसाठी सन्मान योजनाही आणली. सत्याग्रही आणि खुनी यांच्यातला फरक मला कळतो, तो पुसायचा माझा हेतू नाही. मला एवढंच दिसतं, की तुरुंगातून येणाऱ्याला घ्यायला जाण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. आपण ती मोजक्या लोकांसाठी वापरली.

बाकीच्यांसाठी जे होतं, त्याला मी बहिष्कारच म्हणेन. नाशिकला हा शब्द नवा नाही. २०१३ साली जातीबाहेर लग्न केलेल्या एका गरोदर मुलीचा तिच्या वडिलांनीच जीव घेतला आणि त्यामागचा जातपंचायतीचा जाच उघड झाला. त्यातून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींना मूठमाती देण्याचं अभियान उभं केलं. विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि २०१७च्या जुलैत तो लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. जातीच्या पंचांनी कुणाला वाळीत टाकलं, तर आता तो गुन्हा आहे.

पण तुरुंगातून आलेल्याला वाळीत टाकायला पंच लागत नाहीत. कुणी बैठक घेत नाही, ठराव करत नाही, दंड सांगत नाही. घरमालक म्हणतो, खोली भाड्याने द्यायची नाही आता. सातपूरचा ठेकेदार म्हणतो, माणसं भरली. बहिणीच्या सासरी लग्न निघतं आणि पत्रिका येत नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं आणि एकेकट्याचं कारण पटण्यासारखंही असतं. सगळी मिळून जे होतं, ते कुणीच केलेलं नसतं. मला सर्वांत भीती वाटते ती याच गोष्टीची. पंचायतीचा बहिष्कार क्रूर होता, आणि तो गाडला गेलाच पाहिजे. पण तो कुणी टाकला हे ठाऊक असे, म्हणून तो कुणी उठवायचा हेही ठाऊक असे. प्रायश्चित्त होई, दंड भरला जाई, जातीला जेवण पडे आणि माणूस पुन्हा पंगतीला बसे. त्या दिवशी शिक्षा संपली हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरे. आज न्यायालयाने दिलेली शिक्षा संपल्याचा कागद तुरुंग देतो; गावाने मनात दिलेली शिक्षा संपल्याचं कुणी सांगत नाही.

बाहेर पडलेल्या माणसाचे पहिले आठ दिवस फार बारीकसारीक गोष्टींत जातात. तीन महिने न वापरलेला मोबाइल नंबर कंपनी बंद करते. आधार त्याच नंबराला जोडलेलं असतं. आधार अडलं की नवं सिम अडतं, बँकेतलं केवायसी अडतं, मजुरी जमा व्हायचं खातं अडतं. शिधापत्रिकेवरचं नाव घरच्यांनी मध्येच कधीतरी कमी केलेलं असतं. कारखान्याच्या गेटवर चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. सुरक्षारक्षकाचं काम तर बंदच, कारण २००५च्या खासगी सुरक्षा यंत्रणांच्या कायद्यानेच शिक्षा झालेल्याला ते नाकारलं आहे. देशाचे पासपोर्ट छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेसही नाशिकरोडलाच आहे. माणसाची ओळख कागदावर उमटवण्याचं इतकं मोठं काम या गावात चालतं, आणि इथल्या फाटकातून बाहेर पडणाऱ्याला आपली ओळख पुन्हा जुळवायला महिने लागतात. तुरुंगातल्या मजुरीतून साठलेले पैसे तोवर किती पुरणार? २०२३च्या वाढीनंतरही दिवसाची मजुरी शंभराच्या आतच होती.

ही कामं अवघड नाहीत. वेळ असलेला, रांगेत उभं राहण्याची सवय असलेला आणि साहेबाशी न बिचकता बोलणारा एक माणूस सोबत असला, तर ती पंधरा दिवसांत होतात. तो माणूस नसतो, एवढंच.

आपल्याकडे अशा माणसाला एक शब्द होता : मुराळी. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी आणायला जाणारा. बहुधा भाऊ, नाहीतर चुलता, तेही नसले तर घरचा जुना विश्वासू गडी. त्याचं काम नुसतं वाटेतल्या सोबतीचं नव्हतं. तो दारात येऊन उभा राहिला, की या मुलीच्या मागे एक घर आहे हे सासरच्यांना कळायचं आणि मुलीलाही. तुरुंगातून येणाऱ्याच्या बाबतीत दया, सहानुभूती, पुनर्वसन हे शब्द आपण पुष्कळ वापरतो. मला ते अपुरे वाटतात, कारण त्यांत कुणाचंच नाव नसतं. ‘पुनर्वसन झालं पाहिजे’ या वाक्याला कर्ता नाही. ‘याला आणायला मी जाईन’ या वाक्याला आहे.

कायद्याला ही गरज कळलेली होती, हे पाहून मला आश्चर्य वाटतं. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांचे आपले नियम १९५९ साली झाले. बंद्याला रजेत आपल्याकडे ठेवून घ्यायला तयार असलेला आणि त्याच्यासाठी हमी लिहून देणारा नातेवाईक असल्याशिवाय संचित रजा मिळू नये, असं त्यांत धरलेलं होतं. कारण रजा म्हणजे परतीची तालीम. दोन-तीन आठवडे घरी राहायचं, शेजाऱ्यांच्या नजरा सोसायच्या, लेकराला आपली ओळख द्यायची आणि ठरल्या दिवशी परत जायचं. पण घ्यायला कुणी नसलेल्याला ही तालीमही मिळत नाही. खटला चालू असताना जामीनदार लागतो. रजेला हमीदार लागतो. आणि ज्या दिवशी तो कायमचा बाहेर येतो, त्या दिवसापासून त्याच्यासाठी शब्द टाकणारा कुणीच लागत नाही. हमीची सर्वांत जास्त गरज खरी तिथूनच सुरू होते. १९५८च्या परिवीक्षा कायद्यानेही परिवीक्षा अधिकाऱ्याचं काम नुसत्या देखरेखीचं ठेवलेलं नाही, गरज पडली तर परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या माणसाला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्नही त्याच्याकडे दिला. सरकारने नेमलेला मुराळीच तो. पण एका अधिकाऱ्याच्या टेबलावर अख्खा जिल्हा असतो. सुरगाण्यापासून येवल्यापर्यंतच्या दारांत तो किती वेळा उभा राहणार?

आता या सगळ्यातली सर्वांत जड गोष्ट. असं समजू या, निफाडकडच्या एका गावात बांधाच्या भांडणात एकाने दुसऱ्यावर कोयता उचलला. जन्मठेप झाली. चौदा-सोळा वर्षांनी माफीचे दिवस धरून तो सुटला. त्याचं रान तिथेच आहे, बांधही तिथेच आहे आणि बांधापलीकडे मेलेल्याची बायको अजून शेत कसते आहे. तिची मुलं बापाशिवाय मोठी झाली. अशा वेळी ‘समाजाने त्याला स्वीकारलं पाहिजे’ असं शहरात बसून लिहिणाऱ्याला तिने काय उत्तर द्यावं? माझ्याकडे तिला सांगण्यासारखं काही नाही. तिने माफ करावं, असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. परंतु त्याचं परत येणं तिला एके सकाळी बांधावर तो उभा दिसला म्हणून कळावं, हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे. आधी तिच्याकडे जायला हवं. तिचं ऐकायला हवं. तो काही वर्षं गावाबाहेर राहिला तर बरं, असं ती म्हणाली, तर पिंपळगावला, सिन्नरला, नाशकात त्याच्यासाठी जागा शोधायला हवी. हे कोण करणार? तो स्वतः करू शकत नाही, पोलीस करणार नाहीत. हे मुराळ्याचंच काम आहे, आणि ते दोन्ही घरांसाठी करायचं आहे.

जोखमीचा मुद्दाही टाळू नये. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १९९४ साली लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा पुरी करून एक माणूस सुटला. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं आणि गाव भेदरलं होतं. हॅरी नाय नावाच्या मेनोनाइट पाद्र्याने आपल्या मंडळीतले काही जण त्याच्याभोवती उभे केले. ते त्याच्याशी रोज बोलत, बाजारात सोबत जात, आणि त्याचं पाऊल वाकडं पडतंय असं दिसलं तर तोंडावर सांगत. त्यातून पुढे चार-सहा स्वयंसेवकांनी एका सुटलेल्या माणसाभोवती कडं करायचं, ही पद्धतच तयार झाली आणि इतर देशांत गेली. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं, की त्या माणसांनी त्याचा गुन्हा लहान मानला नाही. पुन्हा कुणी बळी पडू नये, म्हणूनच ते त्याच्याजवळ राहिले. एकटा सोडलेला माणूस जास्त धोक्याचा, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याकडे याहून जुनं आणि धाडसी काम झालेलं आहे. औंध संस्थानात १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रीडमन म्हणजे भारतानंदांच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. भिंत नाही, कैदी शेती करणार, बायकामुलं सोबत राहणार. व्ही. शांतारामांचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून आला. सिनेमा आपण डोक्यावर घेतला. वसाहत अजून सांगली जिल्ह्यात आहे, आणि ती अजूनही अपवादच आहे. तिथे कैदी घरी परतायला शिकत नाही. तो घर सोडतच नाही.

आणि नुसतं फाटक उघडून काय होतं, हे महाराष्ट्राइतकं कुणाला ठाऊक असणार? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो रद्द झाला आणि त्या माणसांचं नावच ‘विमुक्त’ पडलं. सोडलेले. आज सत्तर वर्षांनंतरही कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर आधी पोलिसांची गाडी जाते. त्यांना सोडलं, पण आणायला कुणी गेलं नाही.

सुटलेल्याला असं आणायला जाणं नाशिकला अशक्य आहे असं मला वाटत नाही. नाशिकरोडच्या कारागृहात बंदी शाडूचे गणपती घडवतात आणि लोक ते आवडीने घरी नेतात, मखरात बसवतात. २०२२च्या १ मेला राज्य सहकारी बँकेने येरवड्यात शिक्षाबंद्यांना कर्ज द्यायला सुरुवात केली, योजनेचं नाव ‘जिव्हाळा’. तारण नाही, जामीनदार नाही, त्याच्या मजुरीवरचा विश्वास एवढीच हमी. एक बँक आत जाऊन शब्द टाकू शकते. मग बाहेर, गल्लोगल्ली मंडळं असलेल्या या शहरात काय कमी आहे? दहा दिवसांचा मांडव सांभाळणाऱ्या पोरांना, बचत गटाच्या बायकांना, भजनी मंडळातल्या निवृत्त प्रेसकामगारांना रांगा, कचेऱ्या, सह्या, शिक्के तोंडपाठ आहेत. एका मंडळाने एक माणूस घ्यावा. वर्षभर त्याच्यासोबत जावं : आधारच्या केंद्रावर, बँकेत, ठेकेदाराकडे, पोलीस चौकीत बोलावणं आलं तर तिथेही. आणि ज्या घराचं त्याने नुकसान केलं, त्या घरी त्याच्याशिवाय, आधी.

शिक्षाबंद्याची सुटकेची तारीख अचानक उगवत नाही. माफीचे दिवस वजा करून तुरुंगातले कर्मचारी ती मांडतात, आणि त्यालाही ती पाठ असते. त्या दिवशी जेल रोडवरच्या फाटकाबाहेर त्याच्यासाठी कोण उभं असेल, तेवढं नाव लिहायचं राहिलेलं असतं.