मला कमी का? मला जास्त का?



आज सामान्य काळातील २५ वा रविवार. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला (मत्तय २०:१-१६) वाचला गेला की मिस्सानंतर कुणीतरी हमखास विचारतो, "फादर, मालकाचं जरा चुकलंच ना?" सकाळपासून उन्हात राबलेला आणि शेवटच्या तासाला आलेला, दोघांना सारखाच दीनार! असा प्रश्न पडणाऱ्याला मी दोष देणार नाही. चार-पाच वर्षांच्या मुलालाही तो पडतो.

लहान मुलांना वाटणीतला न्याय कसा कळू लागतो, याचा सात देशांत केलेला अभ्यास २०१५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कॅनडा, अमेरिका, मेक्सिको, पेरू, सेनेगल, युगांडा आणि आपला भारत. मुले ४ ते १५ वर्षांची. दोघांना समोरासमोर बसवायचे, दोघांपुढे खाऊ ठेवायचा आणि एकाच्या हाती दोन दांडे द्यायचे. एक दांडा ओढला की ज्याचा खाऊ त्याला मिळतो. दुसरा ओढला की सगळा खाऊ मधल्या भांड्यात पडतो, कोणालाच काही मिळत नाही. आता दांडे हाती असलेल्या मुलाला एक गोळी आणि समोरच्याला चार, अशी वाटणी केली तर? वय वाढते तशी सातही देशांतील मुले हा खाऊ नाकारू लागतात. हातची एक गोळी गेली तरी चालेल, पण त्याला चार नकोत!

मग वाटणी उलट केली. स्वतःला चार, समोरच्याला एक. हे नाकारणारी मुले तीनच देशांत आढळली, कॅनडा, अमेरिका आणि युगांडा. तीही वयाने मोठी मुले. त्या तीन देशांत भारत नव्हता. म्हणून आपली मुले स्वार्थी, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. एका खेळावरून एवढ्या मोठ्या देशाची परीक्षा होत नसते. पण एक गोष्ट मला त्यातून स्पष्ट दिसते. 'मला कमी का?' हे कोणाला शिकवावे लागत नाही. 'मला जास्त का?' हा प्रश्न मात्र आपोआप येत नाही. तो आजूबाजूच्या मोठ्या माणसांकडून यावा लागतो.

न्याय कशाला म्हणावे हे सांगताना संत थॉमस अक्वायनस 'मला काय मिळावे' येथून सुरुवातच करीत नाहीत. ज्याचे त्याला देण्याची मनाची कायमची तयारी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे जी अर्धी बाजू मुलाला उशिरा कळते, तीच त्यांच्या मते न्यायाची खरी बाजू.

आता आपल्या घरात येऊ. आंब्याच्या फोडी केल्या, एक कमी पडली. "तू मोठी ना, समजून घे," असे आपण कोणाला म्हणतो? बहुतेक वेळा मुलीला. ती समजून घेते आणि भाऊ फोड खातो. त्याला कोणी विचारीत नाही की, बाळा, तुझ्याकडे जास्त आली का? पुढे तीस वर्षांनी दोघे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसलेले असतात, समोर हक्कसोडपत्र असते आणि पुन्हा तिनेच समजून घ्यायचे असते. वाडीच्या जमिनीला काय भाव आला आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. भारतीय वारसा कायदा १९२५ चा आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यानुसार आईला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. शंभर वर्षे झाली, तरी "तिच्या लग्नात दिलं की" हे वाक्य अजून ऐकू येते. एखादी बहीण मनापासून वाटा सोडते, तिची गोष्ट वेगळी. पण माहेर तुटेल या भीतीने केलेली सही मनापासूनची कशी म्हणावी?

अशा वेळी काही जण हाच दाखला पुढे करतात. "फादर, मालकासारखं उदार व्हायला तिला सांगा." दाखला नीट वाचावा. पहाटेच्या मजुरांना ठरलेला दीनार पुरता मिळाला, त्यातला एक पैसाही मालकाने कापला नाही. उशिरा आलेल्यांना त्याने जे जास्त दिले ते स्वतःच्या थैलीतून दिले. दुसऱ्याच्या वाट्यातून उदार होता येत नाही. कुरकुर करणाऱ्याला मालक शेवटी जो प्रश्न विचारतो, त्यात मूळ ग्रीक भाषेत वाईट डोळ्याचा उल्लेख आहे. त्या मजुरांचा डोळा दुसऱ्याच्या ओंजळीवर होता. मालकाचा डोळा, दिवसभर कोणी कामाला न लावलेल्या माणसाच्या घरी संध्याकाळी चूल पेटेल का, यावर होता. खेळातल्या मुलांनी समोरच्याला चार गोळ्या मिळू नयेत म्हणून दांडा ओढला, त्यांच्या आणि या मजुरांच्या डोळ्यांत फारसा फरक नाही.

मुले आपले ऐकत नाहीत, पण आपल्याकडे बघत असतात. केक कापणाऱ्याने आपला तुकडा शेवटी उचलावा, हा नियम घरात लावून बघा. तुकडे किती सारखे होतात ते दिसेल. दुकानदाराने चुकून दहा रुपये जास्त परत दिले तर मुलाला सोबत घेऊन जा आणि "आपल्याकडे जास्त आले" असे त्याच्यासमोर मोठ्याने म्हणा. आणि वाटणीची बोलणी होतात तेव्हा मुलांना बाहेर खेळायला पाठवू नका. त्यांना ऐकू देण्याची लाज वाटत असेल, तर त्या कागदात काय लिहिले आहे ते पुन्हा एकदा वाचा.

ज्या घरांत भावंडांची बोलणी अडली आहेत, त्यांच्यासाठी मी गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर कार्यालयात थांबणार आहे. बहिणींनाही बोलवा, मुलांना आणले तरी चालेल.

आपला,
धर्मगुरू