आजीलाही विचारा

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या कित्येक वस्त्यांवरून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघून जातात, आणि शाळा बुडू नये म्हणून मागे ठेवलेल्या नातवंडांचा सारा भार आजीच्या शिरावर येतो. पहाटे चूल पेटते. नातीची वेणी होते. गुडघ्यावर हात टेकून आजी हंडा उचलते. तिच्या वात्सल्याची स्तुती आपण मुक्तकंठाने करतो. तिच्या प्रकृतीची विचारपूस मात्र राहून जाते. फडावरून फोन येतो, तो मुलांच्या खुशालीसाठी. त्याच फोनवर आजीलाही विचारा. औषध संपले का, विचारा. आणि शेजाऱ्यांनो, श्रावणबाळ योजनेच्या तिच्या अर्जासाठी तहसील कचेरीतले खेटे तुम्ही घाला. तिला दवाखान्यात जायचे असेल, त्या दिवशी नातवंडांना आपल्या ओसरीवर बसवून घ्या.