थांबलेली गळती आणि झाकलेला ऐब

दुरुस्त केलेला दोष हा दोष उरतो काय? प्रश्न सोपा वाटतो. मलाही तो सोपाच वाटला होता आणि म्हणूनच उत्तर देताना माझ्याकडून चूक झाली. ती चूक आपल्यापुढे ठेवूनच हा विषय मांडणे मला योग्य वाटते. मिंबरावरून बोलणारा माणूसही चुकतो, हे मिंबरासमोर बसणाऱ्यांना ठाऊक असलेले बरे.

जून-जुलैमध्ये आमच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते आणि बोटी खाडीकाठी ओढून ठेवलेल्या असतात. अशाच एका दिवशी असरच्या नमाजनंतर जमातीतील एक वयस्कर तांडेल माझ्याजवळ थांबले. त्यांची बोट लाकडी आहे, वरून फायबर चढवलेली. पावसात केबिनच्या छतातून खलाशांच्या झोपण्याच्या जागी थेंब थेंब पाणी पडत असे. त्यांनी बाजारातून भेगा बुजवण्याच्या पातळ द्रवाची बाटली आणून थेंब पडत होता तेथे ओतली होती. गळती थांबली होती. आता दुसऱ्या गावचा एक ग्राहक बोट पाहण्यास येणार होता. त्यांनी विचारले, "मौलाना, हे त्याला सांगणे माझ्यावर वाजिब आहे का?"

मी म्हणालो, "चाचा, विक्रीपूर्वीच ऐब नाहीसा झाला असेल, तर तो ऐब उरत नाही. सांगण्याची गरज नाही." मसअला मी बरोबर सांगितला होता. परंतु ऐब खरोखर नाहीसा झाला आहे काय, हे मी पाहिलेच नव्हते.

रात्री ते मनाला टोचू लागले. ज्या गोष्टीमुळे वस्तूची किंमत घटते ती ऐब होय आणि किंमत घटते की नाही हे त्या व्यवसायातील जाणकारांनी ठरवायचे, असे फुकहांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे माझ्या किताबानेच मला किताब मिटून खाडीवर जाण्यास सांगितले होते आणि मी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी बोटी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. सर्व ऐकून त्यांनी एकच विचारले, "मौलवीसाहेब, बाटली बाहेरून ओतली की आतून?"

मला हा प्रश्न सुचलाही नव्हता. मग त्यांनी समजावले ते असे. हे द्रव जवळजवळ पाण्याइतके पातळ असते. शाळेत आपण केशाकर्षण शिकलो. त्याच बलाने पाणी केसाएवढ्या भेगेत ओढले जाते आणि हे द्रवही त्याच वाटेने आत उतरते, मग तेथे सुकून भेग भरते. खिडकीच्या चौकटीभोवतीची, छताच्या सांध्यातली बारीक फट याने खरोखर बंद होते. मात्र भेग आधी साफ आणि कोरडी हवी. थोडे ओतायचे, सुकू द्यायचे, पुन्हा ओतायचे आणि भेग पिण्याचे थांबेपर्यंत हेच करत राहायचे. पायाखाली हलणाऱ्या भेगेत ते टिकत नाही आणि पाण्याखालच्या तळाला तर याचा उपयोग नाही. ही झाली चांगल्या दुरुस्तीची गोष्ट.

"पण थेंब पडतो तेथून पाणी शिरत नसते," मिस्त्री म्हणाले. पाणी एका फटीतून शिरते, लाकडाच्या कडेने हातभर वाहते आणि सखल जागा मिळाली की ठिबकते. शिरण्याची जागा शोधायची तर एकाने आत बॅटरी घेऊन बसायचे आणि दुसऱ्याने बाहेरून, खालून वर, एकेका सांध्यावर पाणी सोडत जायचे. तेवढी खटपट न करता ठिबकण्याची जागाच बुजवली, तर पाणी शिरत राहते आणि त्याला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. ते लाकडात मुरते, लाकूड कुजते. दिसायला मात्र छत कोरडे ठणठणीत!

वाचकहो, येथे एक शंका येऊ शकते, मलाही आली होती. आपल्या दीनमध्ये झाकण्याचे मोठे मोल आहे. जो आपल्या बांधवाचा दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह आखिरतमध्ये झाकेल, ही शुभवार्ता आपण ऐकली आहे. मग बोटीचा दोष झाकण्यात काय वावगे? परंतु जरा त्या बोटीत बसून पाहा. माणसाची एखादी चूक झाकली, तर त्याची लाज राखली जाते आणि त्याला सुधारण्यास अवधी मिळतो. कुजके छत झाकले, तर कोणाची लाज राखली जाते? विकणाऱ्याचा नफा तेवढा राखला जातो आणि त्या छताखाली झोपणार असतो कोणी परका खलाशी, ज्याला या सौद्यात कोणी काही विचारलेले नाही. पहिल्या झाकण्याला सत्र म्हणतात, दुसऱ्याला गिश्श, म्हणजे फसवणूक. दोन्हींत हाताची क्रिया एकच दिसते, म्हणूनच मन सहज फसते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले आणि ते खोटेही नव्हते. पावसाबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, एवढाच जाब त्याला विचारला गेला. गळती लागणे हा तांडेलचा गुन्हा नव्हता. बोट म्हटली की ती गळायचीच.

सूरह अल-कहफमध्येही एका बोटीला छिद्र पाडले जाते, चांगल्या बोटी बळकावणाऱ्या राजापासून ती वाचावी म्हणून. तेथे दोष उघड दिसावा यातच गरीब नावाड्यांचे हित होते. मूसा (अलै.) यांनाही त्या क्षणी ते उमगले नाही, मग माझ्यासारख्याने घाईत उत्तर द्यावे हे किती धाडसाचे!

मी चाचांच्या घरी गेलो आणि माझे उत्तर मागे घेतले. ते बराच वेळ गप्प होते. बोट विकून सोसायटीचे कर्ज फेडायचे होते, प्रत्येक रुपया मोजलेला होता. मग म्हणाले, "मौलाना, काल तुम्ही म्हणालात तेव्हा मी शांत झोपलो होतो." या वाक्याचे ओझे आजही माझ्यावर आहे.

मिस्त्रींनी केबिनचे आतले प्लायवूड काढले. वीतभर लाकूड काळे पडले होते. तेवढा तुकडा बदलला, बाहेरची फट सापडली आणि तीच बाटली या वेळी बाहेरून ओतली गेली. ग्राहक आला तेव्हा चाचांनी जुना तुकडा त्याच्या हातात दिला आणि सर्व सांगितले. त्याने भाव पाडला व बोट घेतली. किती पाडला ते मी विचारले नाही.

माझे पहिले उत्तर सफमध्ये बसलेल्या आणखी दोघांनी ऐकले होते, म्हणून जुम्याच्या दिवशी मी सर्वांसमोर ते दुरुस्त केले. नमाजनंतर एक तरुण मागे थांबला. गेल्या वर्षी त्याने ओल आलेल्या भिंतीवर रंग देऊन घर विकले होते आणि आता काय करावे, हे त्याला विचारायचे होते. त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. येत्या रविवारी आम्ही दोघे ती भिंत पाहण्यास जाणार आहोत.