जाड तार

घराच्या वायरिंगमध्ये फ्यूज तेवढा तुटण्यासाठी बसवलेला असतो. चिनी मातीच्या किटकॅटमधली ती बारीक तार म्हणजे सगळ्या जोडणीतली सर्वांत दुबळी जागा, आणि दुबळे असणे हेच तिचे काम. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. भिंतीतल्या वायरचे आवरण वितळण्याआधी फ्यूजची तार वितळते. पण फ्यूज वारंवार उडू लागला की आपण लोड शोधत नाही, जाड तार शोधतो. वायरच्या तीन-चार काड्या पिळून बांधल्या की दिवे जात नाहीत. घरमालक खूश, भाडेकरूही खूश. धोका तेवढा बोर्डावरून भिंतीच्या आत सरकतो.

माझे पोट सॉफ्टवेअरवर आहे. तिथे जाड तारेचे काम एखादी ओळ करते: चूक आली तर गिळ आणि पुढे चल. प्रोग्रॅम थांबत नाही, पडद्यावर लाल अक्षरे येत नाहीत, आणि चुकीचा आकडा निमूटपणे डेटाबेसात जाऊन बसतो. एरिक्सन कंपनीत १९८०च्या दशकात जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरलँग ही भाषा घडवली, तेव्हा नेमकी उलटी वाट धरली. बिघडलेली छोटी प्रक्रिया जागच्या जागी मरू द्यायची. तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी प्रक्रिया ती नव्याने सुरू करील, बाकीच्यांचे बोलणे चालू राहील. पुढे मायकेल नायगार्ड यांच्या २००७च्या पुस्तकामुळे एक रचना प्रोग्रॅमरांच्या तोंडी बसली, तिचे नावच सर्किट ब्रेकर. दूरची सेवा सलग उत्तर देईनाशी झाली की तिला विचारणे थांबवायचे. काही वेळाने एखादी विनंती सोडून बघायची. रचना चांगली की वाईट हे मी ती किती काळ चालते यावरून ठरवत नाही. बंद पडताना ती सोबत किती जणांना अंधारात नेते, ते पाहतो.

याच नजरेने पाहिले तर राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, मला जाड तारेसारखी दिसते. ती आली त्याला सबळ कारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९६७ मध्ये हरियाणाचे आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला; तशा घरात दिवा टिकणार कसा? १९८५च्या कायद्याने किरकोळ पक्षांतराला आळा बसला. पण त्याच कायद्याने पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, दिलेले एकट्या आमदाराचे मतही अपात्रतेचे कारण केले. खतांच्या दरावर पक्षाशी मतभेद झालेला आणि पैसे घेऊन सरकार पाडणारा, दोघांना एकच शिक्षा. फ्यूजच्या जागी बसणाऱ्या साध्या एमसीबीलाही याहून जास्त तारतम्य असते. थोडा जादा भार असेल तर आतली द्विधातूची पट्टी हळूहळू तापते, वेळ देते. शॉर्टसर्किट झाले तर चुंबकाची कॉइल क्षणात खटका पाडते. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये सुचवले होते की व्हिप मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास किंवा अविश्वासाच्या मतदानासारख्या मोजक्या प्रसंगांपुरतीच ठेवावी. ते झाले नाही. उलट २००३च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेली सूट काढली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली.

परिणाम गोव्यात पाहावा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली. बरोबर दोन तृतीयांश. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. सात असते तर गणित चुकले असते. एकट्याचा लहान फ्यूज उडण्याची सोयच ठेवली नाही, म्हणून मेन स्विचच पडतो. पक्षात राहून विरोधी मत देता येत नसेल, तर मतभेदाला घाऊक होण्याखेरीज दुसरा रस्ता राहत नाही. तत्त्वाचा मतभेद त्या घाऊक मालात किती असतो, हा प्रश्न वाचकांवर सोडतो.

आणि अपात्रतेचा हा खटका पाडायचा कोणी? सभागृहाच्या अध्यक्षांनी, जे बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात. घरातला गळती पकडणारा आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. गळती कोणत्या उपकरणातून झाली याच्याशी त्याला देणेघेणे नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात म्हटले होते की अपात्रतेच्या याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात, आणि हे काम अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा संसदेने विचार करावा. महाराष्ट्रात शिवसेनेच्या २०२२च्या फुटीत तर विलीनीकरणही नव्हते, मूळ पक्ष आम्हीच असा दावा होता. दोन्ही गटांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या याचिकांवर अध्यक्षांचा निर्णय आला १० जानेवारी २०२४ रोजी. कोणीच अपात्र ठरले नाही, आणि विधानसभेची मुदत संपायला तेव्हा वर्षही उरले नव्हते.