यादीतलं नाव

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात मी २६ जानेवारीच्या ग्रामसभेला बसलो होतो. झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटून झाली आणि शाळेच्या ओट्यावर घरकुलाची यादी वाचायला सुरुवात झाली. ग्रामसेवक नाव घ्यायचे आणि समोरून कुणीतरी सांगायचं, "ऊस तोडाले गयात." पुढचं नाव, पुन्हा तेच. शाळेमागच्या वस्तीत निम्म्याहून अधिक दारांना कुलूप होतं, काहींना नुसतीच काटेरी झाप लावलेली. दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत बारडोलीकडे उतरलेली ही कुटुंबं थेट आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास परततात. पुढ्यात बसलेली एक म्हातारी प्रत्येक नावानंतर विचारत होती, "भाऊ, मन्हं नाव शे का?"

तिच्या त्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. सरकारी मदत गरजूलाच मिळावी, हे कुणालाही पटेल. पण गरजू कोण, हे कुणी आणि कशावरून ठरवायचं, याचं उत्तर मात्र वारंवार बदलत गेलं.

इंग्रजांच्या दुष्काळ नियमांचा पाया संशय हा होता. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जी पद्धत बसली तिचं सूत्र असं, की काम कष्टाचं ठेवा, मजुरी कमी ठेवा, म्हणजे खरा उपाशी तेवढाच येईल. काम करूच न शकणाऱ्यांसाठी गावात वेगळी मदत होती. १८९९-१९०० साली, लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात त्यात, होरपळलेल्या खानदेशाला ही कसोटी लावली गेली. माणसाचं पोट रिकामं आहे हे त्याने दगड फोडून सिद्ध करायचं.

१९७२ च्या दुष्काळातही खडी फुटली, नाल्यांवर बांध घातले गेले. जुन्या माणसांना ते घमेलं आणि ती सुकडी अजून आठवते. पण त्याच काळात महाराष्ट्राने त्या जुन्या कसोटीचं तोंड फिरवलं. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७७ च्या कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. काम तेच, मातीचं. पण आता मागणारा हक्काने मागत होता आणि पंधरा दिवसांत काम देण्याची जबाबदारी सरकारवर होती. दाखला नको, रंगीत कार्ड नको, घरात काय आहे याची झडती नको. गावातला प्रौढ माणूस अंगमेहनत करायला तयार आहे, एवढं पुरे. मला ही महाराष्ट्राने दिलेली सर्वांत मोठी सामाजिक कल्पना वाटते, कारण तिच्यात गरिबाने स्वतःबद्दल सांगितलेलं खरं मानलं होतं.

तिची मर्यादाही खरी आहे. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याने, तान्हं मूल असलेल्या विधवेने, अपंगाने घमेलं कसं उचलायचं? त्यांच्यासाठी १९८० साली संजय गांधी निराधार योजना आली, आणि तिच्याबरोबर उत्पन्नाचा दाखला. कुटुंबाची वार्षिक मर्यादा वर्षानुवर्षं २१ हजार रुपये राहिली. म्हणजे सगळ्या घराला मिळून दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. कापूस वेचणाऱ्या बाईला हा दाखला काढायचा असतो. खरं उत्पन्न सांगितलं तर अर्ज बाद, म्हणून खोटं लिहिलं जातं. ती अंगठा देते, तलाठी अहवाल देतो, तहसीलदार सही करतो. तिघांनाही ठाऊक असतं की इतक्यात कुणाची चूल पेटत नाही. ज्या नियमापुढे खरं बोलणारा उपाशी राहतो, तो नियम माणसाचा अपमान करतो, असं मी स्वच्छ म्हणेन.

दरम्यान पुण्यात वेगळंच काही घडलं होतं. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचं मोजमाप मांडलं. दिवसाला २२५० उष्मांक मिळायचे, तर १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये खर्च करता आला पाहिजे. देशात गरीब किती, हे कळावं म्हणून ती रेघ होती. तिच्यावर कुणाचंही नाव लिहिलेलं नव्हतं. पुढे योजनांना नावं लागू लागली, आणि मोजण्यासाठी ओढलेली रेघ कुंपण झाली.

१ मे १९९९ पासून राज्यात तीन रंगांची रेशनकार्डं आली. पिवळं १५ हजारांपर्यंतच्या उत्पन्नाला, केशरी १ लाखापर्यंत, त्यावर पांढरं. २००२ च्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न आले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. घर कसलं, दोन वेळचं जेवण मिळतं का, माणशी कपडे किती. दोनाहून कमी असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. दांडीवर वाळत घातलेली लुगडी सर्वेक्षणासाठी मोजणाऱ्या शिक्षकाला काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. एवढं करूनही राज्यात किती कुटुंबं गरीब ठरू शकतात याची वरची मर्यादा दिल्लीने आधीच घालून दिलेली होती. गुण जमेल तिथे कापायचे आणि आकडा बसवायचा.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेने प्रश्न उलटा केला. काय असेल तर माणूस बाद? मोटारसायकल, फ्रिज, लँडलाइन फोन, ५० हजार किंवा त्याहून अधिक मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड. घरकुल योजनेने २०१६ पासून याच निकषांवर नावं गाळली. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांवर, हप्त्यावर घेतलेली जुनी मोटारसायकल हीच रुग्णवाहिका असते आणि तीन मजूर केळीच्या बागेत तिच्यावरूनच जातात. मोटारसायकल, फ्रिज आणि फोनच्या अटी २०२४ मध्ये काढल्या. मधली आठ वर्षं ज्या भिंती कच्च्या राहिल्या, त्यांची भरपाई कुठल्याच परिपत्रकात नाही.

जमिनीचंही तसंच. १९९९ च्या पिवळ्या कार्डाला निदान एवढी जाण होती, की २ हेक्टर जिरायत, १ हेक्टर हंगामी बागायत आणि अर्धा हेक्टर बारमाही बागायत एका पारड्यात ठेवावी. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या पहिल्या आदेशात मात्र सरसकट पाच एकरांची अट आली. शिंदखेड्याची पाच एकर कोरडवाहू आणि रावेरची पाच एकर केळी सारखीच कशी? ती अट काही दिवसांतच वगळली हे बरं झालं. पंचवीस वर्षांपूर्वी जे कळलं होतं ते विसरलं कसं गेलं, हा प्रश्न उरतो.

यादीत श्रीमंत शिरला तर अधिकाऱ्याला नोटीस येते. गरीब गळला तर कुणालाच येत नाही. म्हणून प्रत्येक नवी अट दार थोडं आणखी लोटते. मला सगळ्याच याद्या फाडायच्या नाहीत, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना त्या लागतातच. पण यादी बारमाही उघडी असावी, आणि नाव गाळायचं तर कारण गाळणाऱ्याने सिद्ध करावं.

त्या दिवशी म्हातारीचं नाव निघालं नाही. तिच्या मुलाचं होतं, पण तो बारडोलीकडे होता आणि त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडला. साक्रीत घरकुलाची यादी आखाजीनंतर वाचा, एवढंच माझं ग्रामपंचायतींना सांगणं आहे. तेव्हा कुलपं निघालेली असतात आणि घरोघरी माणसं असतात.