म्हातारपणी नवा जन्म



म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मेल, असे निकदेमाने रात्री येशूकडे येऊन विचारले. आज शास्त्रज्ञही तेच विचारत आहेत.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशी साधारण 40 ते 60 वेळा विभागल्या की थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 साली दाखवले. 2006 साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांना गर्भातील पेशींसारखे केले. म्हणजे पेशीचे घड्याळ मागे फिरू शकते! परंतु पूर्ण मागे गेलेली पेशी आपले मूळ काम विसरते. जिवंत उंदरांवर हा प्रयोग केला तेव्हा काहींना गाठी झाल्या. थांबणे विसरलेल्या पेशीलाच तर आपण कर्करोग म्हणतो.

संशोधन हे देवाने दिलेल्या बुद्धीचे फळ आहे. त्यातून आजार बरे झाले, तर देवाचे आभारच मानू. पण येशूने निकदेमाचे वय कमी केले नाही. तरीही लोकभयाने रात्री आलेला हाच माणूस येशूच्या दफनासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन उघडपणे पुढे आला. हाच त्याचा नवा जन्म!

आपल्यापैकी कित्येकांचा जमिनीच्या बांधावरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला आहे. शरीराची झीज थांबवणे आपल्या हाती नाही, अबोला सोडणे आहे. सत्तराव्या वर्षीही आहे. आज मिस्सा झाल्यावर घरी जाताना वाटेत त्या भावाचे दार लागेल. तिथे क्षणभर थांबू या.