शाळकरी ब्लॉग : मंजुरी कोणाची, वाचक कोण?

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ब्लॉगचा प्लॅटफॉर्म निवडताना पहिला प्रश्न वयाचा येतो. ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम यांसारख्या सर्वसाधारण सेवांवर खात्यासाठी किमान वय साधारणपणे १३ धरले जाते. मुलांची समज केव्हा पक्की होते याच्याशी या आकड्याचा फारसा संबंध नाही. तो आला अमेरिकेच्या १९९८च्या ‘कोपा’ कायद्यातून. एप्रिल २०००पासून लागू असलेला हा कायदा १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या खातरजमा केलेल्या संमतीशिवाय गोळा करू देत नाही. संमती मिळवत बसण्यापेक्षा अनेक कंपन्यांनी लहान मुलांना प्रवेशच नाकारला. युरोपच्या ‘जीडीपीआर’ या डेटा संरक्षण कायद्याने ही मर्यादा १६ ठेवली आणि सदस्य देशांना ती १३पर्यंत उतरवण्याची मुभा दिली. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक ठरतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत.

तेराची रेषा सातवीच्या वर्गाच्या मधूनच जाते. एकाच बाकावरची दोन मुले तिच्या दोन बाजूंना असतात. अशा वर्गाला सर्वसाधारण सेवेवर खाते उघडायला सांगितले, की बारा वर्षांचे मूल जन्मसाल बदलून टाकते. लेखनाच्या उपक्रमाची सुरुवात खोट्या नोंदीने व्हावी, हे कोणत्याही शाळेला शोभणारे नाही.

म्हणून वयाच्या अटीपेक्षा खाते कोण उघडतो आणि लेख कोणाच्या मंजुरीने बाहेर जातो, हे आधी पाहावे. २००५मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या एज्युब्लॉग्जसारख्या शालेय सेवेत शिक्षक विद्यार्थ्यांची खाती स्वतः तयार करतात. मुलाला ईमेल लागत नाही आणि लेख व प्रतिक्रिया शिक्षकांच्या नजरेखालून गेल्यावरच दिसतील, अशी सोय असते. ही सोय नसेल, तर प्लॅटफॉर्म कितीही देखणा असला तरी या वयासाठी तो बाद समजावा.

मंजुरीचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने लक्षात येईल. सातवीतली मुलगी नव्या सायकलीवर छान लिहिते. ‘क्लासहून रोज सहा वाजता मी एकटीच तळ्याकाठच्या रस्त्याने येते’ असे एक वाक्य त्यात असते. सोबतच्या फोटोत गणवेशावरचा शाळेचा बिल्ला स्पष्ट दिसतो. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाची नोंदही दडलेली असू शकते. यातली कोणतीच गोष्ट एकटी धोक्याची वाटत नाही, पण एकत्र वाचली की अनोळखी माणसाला मुलीची वाट आणि वेळ दोन्ही कळतात. हे यंत्राला पकडता येईलच असे नाही. वर्गातल्या मुलांना ओळखणारे शिक्षक ते पटकन हेरतात. आक्षेपार्ह शब्द अडवणाऱ्या यंत्रणांचेही तसेच. इंग्रजी शब्दांच्या यादीवर चालणारी यंत्रणा रोमन लिपीत टाइप केलेली मराठी शिवी बिनदिक्कत जाऊ देते.

मात्र सुरक्षेपायी सगळेच कुलूपबंद करणे हा उपाय नव्हे. एकट्या शिक्षकांनीच वाचायचे असेल, तर ब्लॉग आणि निबंधाची वही यांत फरक उरत नाही. २०१२मध्ये स्कॉटलंडमधील नऊ वर्षांच्या मार्था पेनने वडिलांच्या मदतीने ‘नेव्हरसेकंड्स’ या ब्लॉगवर शाळेतल्या जेवणाचे फोटो आणि गुणांकन द्यायला सुरुवात केली. जगभरातून वाचक आले. जूनमध्ये स्थानिक कौन्सिलने फोटो काढण्यावर बंदी घातली. वृत्तपत्रांतील प्रसिद्धीमुळे स्वयंपाकघरातील कर्मचारी धास्तावल्याचे कारण पुढे करण्यात आले. गदारोळ झाला, बंदी मागे घेतली गेली आणि ‘मेरीज मील्स’ या संस्थेसाठी एक लाख पौंडांहून अधिक निधी जमला. मुलाच्या शब्दाला खरा वाचक मिळाला की काय घडते ते इथे दिसते. आणि त्या वादळात पाठीशी मोठे माणूस असणे किती गरजेचे आहे, तेही. आपल्याकडच्या शाळांतील भित्तिपत्रकाला निदान शाळाभर वाचक असतो. ब्लॉगचा वाचकही आधी वर्ग, मग पालक, मग पूर्ण शाळा असा वाढवता यावा, आणि जगासाठी खुले करण्याचा निर्णय लेखागणिक घेता यावा. वाचकांचे असे टप्पे ठरवू देणारी सेवा श्रेयस्कर.

फुकट सेवेचा खर्च बहुधा जाहिरातींतून निघतो. भारताचा नवा कायदा मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करतो. तेव्हा जाहिरातींवर चालणाऱ्या सेवेपेक्षा शाळेने वर्गणी भरलेली सेवा बरी. वर्गणी झेपत नसेल, तर शाळेच्या अंतर्गत व्यवस्थेतच वर्गाचे पान करावे.

शेवटी, लेखन परत मिळण्याची सोय तपासून घ्यावी. सेवा कायमच्या टिकत नाहीत. शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेली किडब्लॉग पुढे फॅनस्कूल झाली. आठवी संपताना मुलाला आपले सर्व लेख उतरवून घेता यावेत आणि नको असलेले कायमचे पुसता यावेत. ब्लॉग एखाद्या शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर असेल, तर त्यांची बदली होताच दोन्ही अवघड होते. म्हणून मुख्य खाते शाळेच्याच नावावर असावे.